शॅम्पेनची शीव आणि शीवचा कोळीवाडा

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला फ्रान्समधला एक मद्यप्रदेश पिढ्यांपासून नावाने ठाऊक आहे. ही ओळख पेल्यातून झालेली नाही, फवारणीच्या पंपातून झाली आहे. पानावर डावणीचा डाग दिसला की मोरचूद आणि चुना कालवून जे निळसर पाणी वेलीवर मारतात, त्याचे नाव 'बोर्डो'. कोकणातला बागायतदारही सुपारीच्या कोळेरोगावर हेच मारतो आणि हेच नाव घेतो.

या मिश्रणाची जन्मकथा गमतीची आहे. बोर्डोजवळच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून नेत. ती विषारी दिसावीत म्हणून शेतकरी त्यांच्यावर मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडत. बाकीच्या बागा डावणीने झडून गेल्या तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्याच राहतात, हे प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्याने त्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला. आज महाराष्ट्रातल्या खेडोपाडी एका फ्रेंच शहराचे नाव उच्चारले जाते, त्याचे मूळ हे असे.

प्रदेशाचे नाव वस्तूला कसे चिकटते, त्या नावाची किंमत कोण वसूल करतो आणि कोणाला ती कधीच मिळत नाही, हा या धाग्याचा विषय. वाट फ्रान्समधून जाते, मुक्काम मात्र हार्बर मार्गावरच्या एका स्थानकाशी आहे.

अलीकडे मराठी प्रवाशांच्या युरोप सहलीत पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या जोडीला फ्रान्सचे द्राक्षप्रदेशही येऊ लागले आहेत. पॅरिसहून वेगवान गाडीने पाऊण तासात रँस गाठता येते. तिथे जमिनीखाली रोमन काळापासून दगडासाठी खणलेल्या खडूच्या खाणी आहेत आणि त्यांच्या गारव्यात लाखो बाटल्या आडव्या निजलेल्या असतात. दक्षिणेला एपर्ने या गावात शॅम्पेनच्या पेढ्यांची ओळच्या ओळ उभी आहे. बर्गंडीत दिजाँहून बोनकडे निघाले की डाव्या-उजव्या हाताला दगडी कुंपणांचे छोटे छोटे मळे लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र भाव. वाटाड्या सगळीकडे एकच पालुपद आळवतो : ही माती, हे भिक्षू, ही शतकानुशतकांची परंपरा.

यात तथ्य नाही असे नाही. बर्गंडीतला 'क्लो द वूजो' हा मळा बाराव्या शतकात सिस्टर्शियन भिक्षूंनी लावला, हे खरेच आहे. परंतु वाटाडे ज्या ठिकाणी थांबतात, त्याच्या पुढेच खरा इतिहास सुरू होतो. १७८९ च्या क्रांतीनंतर चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. पुढे नेपोलियनच्या दिवाणी संहितेने वारसांना समान वाटणी दिली आणि मळ्यांचे तुकडे पडत गेले. आज सुमारे पन्नास हेक्टरांच्या त्या एका मळ्याचे ऐंशीच्या घरात मालक आहेत. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये. एका सातबाऱ्यावर ऐंशी नावे, एवढाच त्याचा अर्थ. फरक असा की आपल्याकडे तुकडेवारी ही शेतीची शोकांतिका ठरली आणि बर्गंडीने त्याच तुकड्यांचे दागिने केले. रोमाने-काँती हा मळा साडेचार एकरांच्या आसपास आहे. तिथली एक बाटली कित्येक लाखांना जाते.

हे आपोआप घडले नाही. बोर्डोची १८५५ ची सुप्रसिद्ध श्रेणी पाहा. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी बोर्डोच्या व्यापारी मंडळाने वाइनची प्रतवारी मागवली. ती लावली दलालांनी आणि निकष होता बाजारभाव. ज्याला वर्षानुवर्षे जास्त दर मिळाला तो पहिल्या श्रेणीत. दलालांची ती दरयादी आज वेदवाक्य मानली जाते. तिच्यातला गाजलेला बदल एकच : १९७३ मध्ये मूताँ रोथशील्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली.

त्यानंतरचे अर्धशतक फ्रेंच द्राक्षशेतीला फार जड गेले. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळे कुरतडून बागाच्या बागा वाळवल्या. उपायही अमेरिकेतूनच आला : रानटी अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम. (नाशिकचा शेतकरी 'डॉगरिज' खुंटावर कलम बांधतो, ते त्याच कुळातले, इथे मात्र कारण कीड नाही, खारट पाणी आणि दुष्काळ आहे.) 'फ्रेंच मातीतली फ्रेंच वेल' या अभिमानाच्या मुळाशी अक्षरशः अमेरिकी मूळ आहे, ही गोष्ट सहलीत सहसा सांगितली जात नाही.

बागा मेल्या, पण गिऱ्हाईक तहानलेलेच होते. मग बेदाणे भिजवून, साखर घालून, परमुलखातला माल मिसळून वाइन होऊ लागली आणि बाटलीवर जुनीच नावे छापली गेली. नव्या कलमांना फळ धरले तेव्हा बाजारात इतका खोटा माल होता की खऱ्या मालाला भाव उरला नाही. १९०७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडचा लांगदॉक प्रांत पेटला. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक माणसे जमली. नार्बोन येथे सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. तर सतराव्या पायदळ पलटणीतल्या सैनिकांनी, जे त्याच भागातल्या द्राक्षकऱ्यांची पोरे होती, बंड पुकारले. क्लेमांसोच्या सरकारला त्याच महिन्यात भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

शॅम्पेनमधले प्रकरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळायला हवे. तिथल्या मोठ्या पेढ्या स्वतः फारशी द्राक्षे पिकवत नसत. त्या शेतकऱ्यांकडून माल घेत, आणि दुसरीकडे स्वस्त मिळाला तर तिथून आणत. मार्न खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते : बाटलीवर 'शॅम्पेन' छापायचे असेल तर द्राक्षे शॅम्पेनचीच असली पाहिजेत. प्रश्न असा आला की शॅम्पेन म्हणजे नेमके कुठून कुठवर? १९०८ मध्ये सरकारने रेघ ओढली. दक्षिणेकडचा ओब जिल्हा त्या रेघेबाहेर राहिला. यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. ओबमधले त्रुआ हे शहर म्हणजे मध्ययुगातल्या शॅम्पेन सरदारांची राजधानी. ज्या गावाच्या दरबारामुळे प्रांत नावारूपाला आला, तेच गाव प्रांताच्या नावाला मुकले.

१९११ च्या जानेवारीत मार्नच्या शेतकऱ्यांनी बाहेरून आलेल्या वाइनची पिंपे नदीत लोटली. मग ओबचे शेतकरी त्रुआच्या रस्त्यांवर उतरले. सरकार त्यांच्यापुढे नमते घेते आहे असे दिसताच एप्रिलमध्ये मार्नवाले पुन्हा उठले आणि आयी या गावातल्या पेढ्यांना त्यांनी आगी लावल्या. सैन्य आले. ओबला 'दुय्यम विभाग' असे अर्धेमुर्धे नाव देऊन वेळ मारून नेण्यात आली. त्या जिल्ह्याला 'शॅम्पेन' हा शब्द पूर्णपणे परत मिळायला १९२७ उजाडावे लागले. पुढे १९३५ च्या कायद्याने मूळस्थान-नियंत्रणाची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली आणि हीच पद्धत सगळ्या देशाला लागू झाली. ज्या वाटांनी पर्यटक आज फिरतात, त्याही याच काळातल्या : बर्गंडीतला नामांकित मळ्यांचा मार्ग १९३७ चा, अल्सासचा वाइनमार्ग १९५३ चा. २०१५ मध्ये युनेस्कोने शॅम्पेनच्या टेकड्या आणि तळघरे, तसेच बर्गंडीचे मळे जागतिक वारशात घेतले. रेघ ओढण्यासाठी झालेल्या जाळपोळीला तेव्हा एकशे चार वर्षे झाली होती.

फ्रान्सचा मद्यप्रदेश पाहताना टेकड्यांइतकीच ही रेघ पाहावी. माती तर जगात सगळीकडे असते. नावाभोवती कुंपण घालण्याइतकी संघटित ताकद आणि ते कुंपण मान्य करणारे सरकार सगळीकडे नसते.

आता मुंबई इलाख्याकडे वळू. ज्या दशकांत फ्रान्सचे कायदेमंडळ द्राक्षकऱ्याच्या नावासाठी झगडत होते, त्याच दशकांत इंग्रज सरकार इथे नेमके उलट काम करत होते. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि ताडी काढण्यापासून दारू गाळण्यापर्यंत सगळे परवाने, कर आणि मक्त्यांच्या जाळ्यात गेले. घरोघरच्या भट्ट्या बंद झाल्या आणि गाळण्याचे काम उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांकडे एकवटले. माहीम, दादर, गिरगावच्या वाड्यांतून माडावर चढणारा भंडारी हा या शहराच्या सर्वांत जुन्या कारागिरांपैकी एक. ताडदेव आणि माझगावची ताडवाडी ही नावे अजून त्या झाडांची आठवण सांगतात. या कारागिराचा धंदा प्रत्येक झाडावरच्या कराने पोखरला गेला. १८९२ चा मोहवा कायदा त्याच्याही पुढचा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करून घरी ठेवण्यावरच निर्बंध आले. मोहाचे फूल म्हणजे आदिवासी घरातला उन्हाळ्याचा घास. पण त्यातून दारूही होते आणि ती मक्तेदाराच्या दारूशी स्पर्धा करते, म्हणून फूलच संशयित ठरले. त्याच काळात फ्रेंच शेतकऱ्याला स्वतःच्या बागेतल्या फळांची दारू घरी गाळण्याचा जुना हक्क होता. तिथले लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षे त्या हक्कासाठी भांडले. तो वंशपरंपरेने पुढे देण्यावर बंदी आली ती थेट १९६० मध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे हे इथले वास्तव होते आणि आहे. गावात 'आडवी बाटली' करण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांचा अनुभव कोणत्याही वारसाप्रेमाने खोडून काढता येणार नाही. पण बंदीचा ऐतिहासिक परिणामही नोंदवायला हवा. ताडी, मोहाची, हातभट्टीची असे सगळे एकाच पोलिसी रकान्यात गेले आणि शीव, धारावी, अँटॉप हिलच्या पट्ट्यात खाडीकाठच्या तिवरांआड जे पेटले त्याला कोणतीही परंपरा नव्हती, फक्त धोका होता. परंपरेतल्या पेयाला प्रत राखावी लागते, कारण गिऱ्हाईक शेजारी राहते. चोरून विकलेल्या मालाला तेवढेही बंधन नसते.

याचा ढळढळीत पुरावा आजही तेरेखोल नदीच्या दोन काठांवर दिसतो. अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे गोवा. काजू तोच, ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणलेला. बोंडूही तोच. गोव्यात त्या बोंडूची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पर्यटक ती मायदेशी नेतात. सावंतवाडी-दोडामार्गच्या बागांत मात्र बी काढून घेतल्यावर बोंडू एक तर कुजतो, नाहीतर टेंपोत भरून गोव्याला जातो. नदीने दोन्ही तीरांना एकच हवा, पाणी आणि माती दिली आहे. वेगळी आहेत ती फक्त राजपत्रे.

नाशिकने दुसरा रस्ता धरला. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन सुरू केली, तेव्हा कंपनीच्या नावातच 'शॅम्पेन' होते. परदेशात मात्र ती 'ओमर खय्याम' म्हणून गेली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या आपल्या उष्ण हवेतल्या दुहेरी वेळापत्रकावर युरोपी वाणांना वळण लावले गेले. हे कौशल्य इथल्या शेतकऱ्याचे आहे, फ्रान्समध्ये त्याची कुणाला गरजच पडत नाही. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला आज भौगोलिक मानांकनही आहे.

२०१३ मध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. शॅम्पेनमधल्याच एका सर्वांत मोठ्या पेढीने दिंडोरीच्या द्राक्षांपासून केलेली फेसाळ वाइन बाजारात आणली. पेढी फ्रेंच, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत तीच, तरीही तिच्यावर 'शॅम्पेन' लिहिता येत नाही. स्वतःच्याच घरचा शब्द ती पेढी दिंडोरीला आणू शकली नाही! १९११ च्या शेतकऱ्यांनी हेच मागितले होते. नाव पेढीचे नाही, जागेचे आहे.

या संरक्षणाला जागतिक कायद्याचे पाठबळ आहे आणि ते सरळसरळ पक्षपाती आहे. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १९९५ मध्ये अंमलात आलेल्या बौद्धिक संपदा कराराचे कलम २२ सर्व वस्तूंच्या भौगोलिक नावांना जुजबी संरक्षण देते; तिथे लोकांची दिशाभूल झाली हे दाखवावे लागते. कलम २३ मात्र फक्त वाइन आणि मद्यार्कांसाठी आहे. त्यांच्या बाबतीत दिशाभूल सिद्ध करण्याची गरज नाही. 'शॅम्पेनसारखी', 'शॅम्पेन पद्धतीची' असेही म्हणता येत नाही. पैठणी, दार्जिलिंगचा चहा, कोल्हापुरी चप्पल यांना हे कवच नाही. वरचे संरक्षण सर्व वस्तूंना द्यावे, ही भारताची मागणी अजून लटकलेली आहे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. पण तिने कोल्हापूरचे नाव घेतलेच नव्हते, आणि मानांकन रक्षण करते ते नावाचे.

शीव कोळीवाड्याच्या बाबतीत घडले ते याच्या बरोबर उलट. तिथे नावच उचलले गेले.

देशातल्या कोणत्याही शहरात हॉटेलाच्या कार्डावर 'प्रॉन्स कोळीवाडा', 'चिकन कोळीवाडा' सापडते. बेसनाचे आवरण, ओवा, लाल तिखट, लालभडक रंग, तेलातून कडकडीत तळलेले. कोळणीच्या स्वयंपाकघरात असला पदार्थ शोधून सापडायचा नाही. ओवा आणि बेसन हीच त्याची जन्मपत्रिका आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांना शीव कोळीवाड्यालगतच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला. उत्तरेत मासळीला लावतात तो मसाला त्यांनी मुंबईच्या कोलंबीला लावला, गाड्यांवर आणि छोट्या हॉटेलांत विकला, आणि वस्तीचे नाव पदार्थाला लागले. पदार्थ देशभर गेला. वस्तीच्या स्थानकाचे 'कोळीवाडा' हे नाव मात्र बदलून गुरू तेगबहादूर नगर झाले. म्हणजे आज 'कोळीवाडा' हा शब्द रेल्वेच्या फलकापेक्षा हॉटेलांच्या कार्डांवर अधिक वेळा वाचायला मिळतो.

मग 'कोळीवाडा' या नावाला शॅम्पेनसारखे कुंपण घालावे का? समाजमाध्यमांवर अधूनमधून ही मागणी उठते. ती भावनेला पटते, कायद्यात बसत नाही आणि इतिहासातही बसत नाही. भौगोलिक मानांकनासाठी वस्तूचा गुण त्या जागेतून आलेला असावा लागतो. हे आवरण इंदूरच्या कढईतही तसेच तळले जाते. शिवाय हक्क कोणाचा मानायचा? नाव कोळ्यांचे, कृती पंजाब्यांची. घरदार सोडून आलेल्या माणसांनी ज्या गावाने आसरा दिला त्याचे नाव आपल्या कमाईला दिले, याला चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. त्रुआ आणि मार्नसारखे भांडण इथे मुद्दाम उकरून काढण्यात काही हशील नाही.

फ्रान्सकडून घ्यायचे ते दुसरेच आहे. तिथे आधी जागेची हद्द ठरली आणि मग नावाला मोल आले. शीव कोळीवाड्यात आणि मुंबईच्या बहुतेक कोळीवाड्यांत पहिले पाऊलच पडलेले नाही. आणि हे घडावे ते नेमके 'शीव' नावाच्या ठिकाणी! शीव म्हणजे हद्द. जुन्या मुंबई बेटाची उत्तर सीमा इथे संपे, पलीकडे खाडी आणि साष्टी. गव्हर्नर जेरॉल्ड ऑंजिअरच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला तो ही सीमा राखण्यासाठी. पोर्तुगीज आणि इंग्रजी उच्चारांतून शीवचे 'सायन' झाले, पण अर्थ कायम राहिला. साम्राज्याला आपली हद्द कुठे आहे हे साडेतीनशे वर्षांपूर्वी पक्के ठाऊक होते. तिच्या कडेला राहणाऱ्या कोळ्यांच्या वाड्याची हद्द मात्र आजही वादात आहे.

हा वाद कागदी नाही. एखादी वस्ती 'झोपडपट्टी' ठरली तर तिला पुनर्वसनाचे नियम लागतात : ठराविक फुटांची खोली, वर मनोरा, उरलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती. तीच वस्ती 'कोळीवाडा' किंवा 'गावठाण' ठरली तर तिथला रहिवासी अतिक्रमणदार नसतो, मूळ गावकरी असतो. २०१२ मध्ये शीव कोळीवाड्यात पाडकामाविरुद्ध आंदोलन झाले तेव्हा कोळी रहिवाशांचे म्हणणे हेच होते की ही झोपडपट्टी नाही, हा आमचा जुना वाडा आहे. पुढे शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या निमित्ताने मुंबईभरच्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि मोजणी, हरकती, पुन्हा मोजणी अशा फेऱ्यांत फिरत राहिला.

मोजणीत काय मोजायचे, हा त्यातला कळीचा मुद्दा. महसुली मोजणीला घराच्या भिंती दिसतात. कोळ्याचा वाडा भिंतींपाशी संपत नाही. जाळी विणायची आणि सुकवायची मोकळी जागा, बोंबील वाळवायच्या वलांडी, होड्या ओढून ठेवायचा किनारा, देवळासमोरचे अंगण, खाडीकडे जाणारी वाट हे सगळे त्याचेच. बर्गंडीतला मळा मोजताना फ्रान्सने दगडी कुंपण, पायवाट आणि मधली झोपडीही वारशात धरली. इथे वाळवणाची जागा नकाशावर 'मोकळा भूखंड' म्हणून उमटते, आणि मुंबईत मोकळ्या भूखंडाचे पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको.

फ्रेंच नमुना निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. रेघेच्या आतही वरचे-खालचे असतात. शॅम्पेनमध्ये २०२३ च्या तोडणीसाठी आणलेल्या परदेशी मजुरांना अत्यंत हलाखीत ठेवल्याबद्दल २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिघांना मानवी तस्करीसाठी दोषी ठरवले. जगातल्या सर्वांत जपल्या गेलेल्या नावाच्या आत, द्राक्ष तोडणाऱ्या हातांना मात्र कोणी जपले नाही. कोळीवाड्याची हद्द आखली गेली की हाच प्रश्न इथेही येईल. घर कोणाच्या नावावर, मासळी विकणाऱ्या बाईचा वाटा किती, तीन पिढ्या भाड्याने राहिलेल्याचे काय, आणि बराकींतून आलेल्या पंजाबी शेजाऱ्याचे काय? सत्तर-ऐंशी वर्षे तोही त्याच मातीत आहे, आणि हे नाव देशभर पोचवले ते त्याच्याच कढईने.

ही भांडणे हद्द ठरल्यानंतरची आहेत. ओबच्या शेतकऱ्यांना भांडायला निदान १९०८ ची एक रेघ होती. तिच्या विरोधात मोर्चा काढता आला, एकोणीस वर्षांनी का होईना ती सरकवता आली. शीव कोळीवाड्याच्या नकाशावर अशी रेघ उमटलेली नाही. वाळवणाच्या जागा आणि खाडीकडची वाट तिच्या आत धरून ती महसूल खात्याने आखावी, राजपत्रात छापावी आणि ज्याला हरकत असेल त्याला ती घेऊ द्यावी.